कुंभकोणमची डिग्री कॉफी : फिल्टरमधली की बाटलीतली?

चेन्नईहून दक्षिणेकडे निघालेल्या प्रवाशाला महामार्गावर ठिकठिकाणी एकच पाटी दिसते : 'कुंभकोणम डिग्री कॉफी'. आता बाटलीत भरलेलं तयार डिकॉक्शनही दुकानात मिळू लागलंय. मग थेंब थेंब गळणाऱ्या त्या दोन मजली फिल्टरची गरज उरली आहे का? आणि पेल्याच्या तळाशी बसणारा तो काळा गाळ टाळायचा कसा?

पहाटेचे पाच वाजलेत. कुंभकोणमच्या जुन्या वस्तीत घरांपुढे सडा पडतो, तांदळाच्या पिठाचं कोलम रेखलं जातं. देवळाच्या घंटेचा आवाज येतो न येतो तोच स्वयंपाकघरातून खरपूस वास दरवळू लागतो. रात्री झोपण्यापूर्वी भरून ठेवलेल्या फिल्टरचं वरचं भांडं आता रिकामं झालेलं असतं. खालच्या भांड्यात दाट, काळसर तपकिरी अर्क साठलेला असतो. त्यालाच म्हणायचं डिकॉक्शन. पेल्याच्या चौथ्या हिश्श्याइतकं डिकॉक्शन, वर तापलेलं दूध, चवीला साखर आणि मग पेल्यातून दवऱ्यात, दवऱ्यातून पेल्यात उंचावरून ओतण्याची ती प्रसिद्ध कसरत! दवरा म्हणजे पेल्याखाली ठेवायची रुंद काठाची खोलगट वाटी. या ओताओतीने कॉफी पिण्याजोगी निवते, साखर विरघळते आणि वर फेस येतो. इथे दिवस सुरू होतो तो असा.

कावेरी आणि अरसलार या दोन नद्यांच्या मधलं हे गाव तंजावरपासून सुमारे ४० किलोमीटरवर आहे. मराठी माणसाला ते वाटतं तितकं परकं नाही. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात व्यंकोजीराजांनी तंजावरला मराठी राज्य स्थापलं. त्या घराण्याची गादी १८५५ पर्यंत टिकली. त्या काळात तिकडे गेलेल्या कुटुंबांच्या वंशजांच्या घरांत आजही तंजावरी वळणाची मराठी ऐकू येते. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदा अशा तीन संस्थानांची दिवाणगिरी गाजवणारे राजा सर टी. माधवराव याच मराठी समाजातले. १८२८ साली त्यांचा जन्म झाला तो कुंभकोणमलाच. थोर गणिती श्रीनिवास रामानुजन यांचं बालपणही इथल्याच सारंगपाणी सन्निधी रस्त्यावरच्या घरात गेलं. दर १२ वर्षांनी भरणाऱ्या महामहम पर्वासाठी लाखो भाविक इथे येतात. मागचं पर्व २०१६ मध्ये झालं, पुढचं २०२८ मध्ये आहे. पण देवदर्शन आटोपलं की बहुतेकांची पावलं कॉफीकडे वळतात, हेही तितकंच खरं.

ही 'डिग्री' कुठली?

डिग्री म्हटल्यावर आपल्याला कॉलेज आठवतं. या कॉफीची डिग्री मात्र गवळ्याच्या चरवीतली आहे. दूध शुद्ध आहे की नाही हे पाहण्यासाठी लॅक्टोमीटर नावाची काचेची नळी दुधात सोडतात. दूध पाण्यापेक्षा जड असतं, त्यामुळे निर्भेळ दुधात नळी वर तरंगते आणि पाणी घातलेल्या दुधात खोल बुडते. नळीवरच्या आकड्याला लोक डिग्री म्हणू लागले. या परीक्षेला उतरलेलं दूध म्हणजे डिग्री दूध आणि त्याची कॉफी म्हणजे डिग्री कॉफी, अशी सर्वांत प्रचलित समजूत आहे. कुंभकोणममधली जुनी माणसं या संदर्भात पंचामी अय्यर यांच्या कॉफी हॉटेलचं नाव घेतात. पाण्याचा थेंब न घातलेलं गाईचं दूध वापरण्याबद्दल त्यांची ख्याती होती, असं सांगितलं जातं.

दुसरी व्युत्पत्तीही मजेशीर आहे. काही जण म्हणतात, हा 'चिकोरी' शब्दाचा अपभ्रंश. चिकोरीचं चिगोरी झालं, चिगोरीचं डिगोरी आणि डिगोरीचं डिग्री! तिसरा पक्ष म्हणतो, फिल्टरमधून पहिल्यांदा गळालेलं डिकॉक्शन म्हणजे पहिली डिग्री. त्याच पावडरीवर पुन्हा पाणी ओतून काढलेलं पाणचट डिकॉक्शन ही दुसरी. पाहुण्याला पहिली, घरच्याला दुसरी!

लॅक्टोमीटरवरही डोळे मिटून विश्वास ठेवता येत नाही, हे गृहिणींनी ध्यानात ठेवावं. साय काढून घेतली की दूध आणखी जड होतं. म्हणजे आधी साय काढायची, मग बेताने पाणी घालायचं, की आकडा पुन्हा जागेवर! म्हणून दूध तापवल्यावर येणारी साय ही जुनी परीक्षा अजून रद्द झालेली नाही.

पेजेकडून कॉफीकडे

कॉफी तमिळ घराघरांत फार पूर्वीपासून आहे असं वाटतं, पण तसं नाही. बाबा बुदन नावाच्या सूफी संताने सतराव्या शतकात अरबस्तानातून सात बिया लपवून आणल्या आणि चिकमगळूरजवळच्या डोंगरावर लावल्या, अशी कथा आहे. मोठे मळे उभे राहिले ते इंग्रजी अमलात, एकोणिसाव्या शतकात. तमिळ मध्यमवर्गाच्या स्वयंपाकघरात कॉफी शिरली ती त्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्याच्या सुरुवातीला. इतिहासकार ए. आर. वेंकटाचलपती यांनी या बदलावर सविस्तर लिहिलं आहे.

त्याआधी सकाळी काय पीत? तर नीरागारम. रात्रीच्या भातात पाणी घालून ठेवायचं, रातोरात ते किंचित आंबतं आणि सकाळी मीठ घालून ते प्यायचं. आपल्याकडच्या आंबलीचं हे लांबचं भावंड. कॉफीने त्याला हटवलं, तेव्हा जुन्या वळणाच्या मंडळींनी या नव्या व्यसनाविरुद्ध बराच आरडाओरडा केला. पुढे त्यांच्याच नातवंडांनी कॉफीला परंपरा म्हणून डोक्यावर घेतलं! आज फिल्टर आणि बाटली यांच्यात जो वाद आहे, त्याकडे पाहताना एवढा इतिहास आठवलेला बरा.

भांड्याच्या नावाचं गाव

कुंभकोणम हे नावच मुळी कुंभावरून पडलेलं. प्रलयात वाहत आलेला अमृतकुंभ इथे थांबला आणि किराताचं रूप घेतलेल्या शंकराने बाण मारून तो फोडला, अशी आदि कुंभेश्वर मंदिराची कथा आहे. हा सगळा परिसर धातुकामासाठी नावाजलेला. जवळच्या नाचियारकोविलच्या समयांना भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे, तर स्वामीमलै इथले कारागीर पंचधातूच्या मूर्ती ओततात. पितळी फिल्टर आणि पितळी पेला-दवरा यांचं या गावाशी नातं जुळलं ते उगीच नाही.

फिल्टरची रचना साधी आहे. एकावर एक बसणारी दोन उभी भांडी. वरच्याच्या तळाला बारीक छिद्रं. पावडर दाबायला दांडीची एक सच्छिद्र चकती, जी उघडलेल्या छत्रीसारखी दिसते. आणि वर झाकण. ना वीज, ना कागद, ना यंत्र. पितळी फिल्टर घेणार असाल तर आतून कल्हई आहे ना, हे पाहून घ्या. कॉफी थोडी आम्लधर्मी असते आणि उघड्या पितळेशी तिचं जमत नाही. कल्हई लावणारे आता सहज सापडत नाहीत. त्यामुळे अनेक घरांत पितळी फिल्टर शोभेच्या फळीवर गेला आणि ओट्यावर स्टीलचा आला. चवीत त्यामुळे काही बिघडत नाही.

गाळ येतो कुठून?

आता मुख्य तक्रारीकडे वळू. 'घरी केलेल्या कॉफीत तळाला चिखल राहतो', असं अनेक जणी सांगतात आणि दोष फिल्टरला देतात. खरा गुन्हेगार असतो पावडरीतला भुगा. बी दळताना सगळे कण सारखे होत नाहीत. काही भरड राहतात, काहींचं अगदी पीठ होतं. हे पीठ फिल्टरच्या छिद्रांपेक्षा बारीक असल्यामुळे पाण्याबरोबर खाली उतरतं.

मग ते सगळंच का उतरत नाही? कारण खरी गाळणी ही नुसती छिद्रांची चकती नसते. दाबून बसवलेला पावडरीचा थर हीच गाळणी! वरच्या कणांना खालचे कण अडवतात. म्हणूनच पहिले काही थेंब गढूळ येतात आणि थर बसला की डिकॉक्शन नितळ होत जातं. हा थर हलला, की गाळ आलाच. फिल्टर आपटणं, मध्येच चमच्याने ढवळणं, पाण्याची जोरदार धार एकाच जागी सोडणं, घाई झाली म्हणून वरून चकती दाबणं, हे सगळे गाळाला दिलेलं आमंत्रण.

चिकोरीचाही यात वाटा आहे. चिकोरी म्हणजे एका झाडाचं भाजलेलं मूळ. तिच्यात कॅफीन नसतं. चांगल्या कॉफीत बियांच्या पावडरीचा जेमतेम पाचवा हिस्सा पाण्यात उतरतो, तर चिकोरीचा बराच मोठा भाग विरघळतो. म्हणून चिकोरीने डिकॉक्शन दाट आणि गडद होतं. पण प्रमाण वाढलं की थर चिकट होतो, पाणी तुंबतं, आपण वैतागून फिल्टर हलवतो आणि मग गाळ उतरतो. कायद्याप्रमाणे अशा मिश्रणात निदान ५१ टक्के कॉफी असावी लागते आणि दोन्हींचं प्रमाण पाकिटावर छापावं लागतं. कॉफी ८० आणि चिकोरी २० हे प्रमाण घरगुती फिल्टरला चांगलं मानवतं.

नितळ डिकॉक्शनची कृती

चार पेल्यांसाठी सुमारे ३० ग्रॅम पावडर आणि २०० मिलिलिटर पाणी घ्या. पावडर जितकं पाणी धरून ठेवते ते वजा जाता साधारण १४० मिलिलिटर डिकॉक्शन मिळतं.

दळण मध्यम हवं. बोटांत चोळल्यावर बारीक रव्यासारखं लागावं, मैद्यासारखं नको. मुंबईत माटुंग्याला किंवा इतर शहरांतल्या दाक्षिणात्य वस्तीत समोर बिया दळून देणारी दुकानं आहेत. तिथे 'फिल्टरसाठी' असं स्पष्ट सांगा आणि आठवड्यापुरतीच पावडर घ्या.

वरचं भांडं पूर्णपणे कोरडं करा. ओल्या भांड्यात पावडर छिद्रांना चिकटून बसते. पावडर घालून भांडं हलकेच ठोकून ती सारखी करा आणि चकतीने बेताने दाबा. फार दाबली तर पाणी उतरणार नाही, सैल राहिली तर भुगा उतरेल.

पाणी उकळलं की गॅस बंद करून अर्धा मिनिट थांबा. आधी दोन-तीन चमचे पाणी चकतीवर गोल फिरवत घाला, म्हणजे पावडर भिजून फुगेल. मिनिटभराने उरलेलं पाणी चकतीवरच, बारीक धारेने ओता. झाकण लावा आणि विसरून जा! पाऊण तास तरी हात लावायचा नाही.

यातूनही थोडा गाळ उतरेलच. वरचं भांडं अलगद काढून खालचं पाच मिनिटं तसंच राहू द्या, म्हणजे गाळ तळाशी बसेल. मग भांडं सावकाश कलतं करून ओता आणि शेवटचा चमचाभर अर्क भांड्यातच सोडून द्या. काटकसरी हाताला हे जड जातं, पण पेल्यातला चिखल असतो तो नेमका याच चमच्यातला. डिकॉक्शन पुन्हा उकळू मात्र नका, कडू होतं. गरम करायचंच असेल तर भांडं गरम पाण्यात ठेवा.

एक गोष्ट आरोग्याची. कॉफीत काही तेलकट घटक असतात आणि ते रक्तातलं कोलेस्टेरॉल वाढवू शकतात. कागदी गाळणीत ते बरेचसे अडकतात, धातूच्या गाळणीतून ते उतरतात. डॉक्टरांनी कोलेस्टेरॉल सांभाळायला सांगितलं असेल तर दिवसाचे पेले मोजूनच घ्या.

बाटलीची सोय आणि बाटलीची भीती

सकाळची शाळा, आठ-बाराची लोकल, दोघंही नोकरीवर. अशा घरात पाऊण तास कोणाकडे आहे? म्हणून तयार डिकॉक्शनच्या बाटल्या आणि पिशव्या खपू लागल्या. दूध तापवा, दोन चमचे घाला, कॉफी तयार. सोय मोठी आहे आणि तिला नावं ठेवण्यात अर्थ नाही.

बरेच जण घरीही असंच करतात. रविवारी भरपूर डिकॉक्शन काढायचं आणि बाटलीत भरून आठवडाभर पुरवायचं. इथे मात्र सावध राहायला हवं. पहिली गोष्ट चवीची. कॉफीचा सुगंध हवेशी गाठ पडताच उडू लागतो. अर्धी रिकामी मोठी बाटली पुन:पुन्हा उघडली की दोन दिवसांत उरतो तो फक्त कडूपणा. त्यापेक्षा काचेच्या लहान बाटल्या गरम पाण्याने धुऊन, काठोकाठ भरून फ्रीजमध्ये ठेवाव्यात आणि दोन दिवसांत संपवाव्यात. थंडाव्यात उरलासुरला गाळही तळाशी बसतो. बाटली न हलवता ओतली तर कॉफी अधिक नितळ मिळते.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर. कॉफी लोणच्याइतकी आंबट नसते. अशा कमी आंबट पदार्थाची घट्ट बंद बाटली फ्रीजबाहेर दिवसच्या दिवस राहिली, तर हवेवाचून वाढणाऱ्या आणि जीवघेणं विष तयार करणाऱ्या जंतूंना आयतं घर मिळू शकतं. ही कल्पनेतली भीती नाही. २०१७ साली अमेरिकेतल्या एका कंपनीने याच शक्यतेमुळे डब्यातली आपली थंड कॉफी बाजारातून परत मागवली होती. विकतची बाटली घेतली तर तिच्यावरची साठवणीची सूचना वाचा. घरची बाटली फ्रीजबाहेर ठेवूच नका.

पिंपातली कॉफी

परदेशात कॉफी बाटलीतून आणखी पुढे गेली आहे. तिथे ती बीअरसारखी स्टीलच्या बंद पिंपातून, तोटी फिरवून मिळते. गार पाण्यात तासन् तास भिजवून काढलेली ही कॉफी पिंपात भरतात आणि दाबाखाली नायट्रोजन वायू सोडतात. हा वायू द्रवात फारसा विरघळत नाही. तोटीतून बाहेर पडताना त्याचे अतिशय बारीक बुडबुडे होतात आणि दुधाशिवायही कॉफी सायीसारखी मऊ लागते. स्टारबक्सने २०१६ पासून अशी कॉफी विकायला सुरुवात केली. युक्ती मात्र जुनी. आयर्लंडच्या गिनेस कंपनीने १९५९ साली आपल्या काळ्या बीअरसाठी ती आणली होती आणि ती शोधणारे मायकल ॲश हे मूळचे गणिती होते.

बीअर बनवणाऱ्यांनाही नेमका हाच प्रश्न पडतो, बाटली की पिंप? आपल्याकडे परवान्याशिवाय घरी बीअर गाळता येत नाही, पण पाश्चात्त्य देशांत अनेकांचा तो छंद आहे. बाटलीत भरताना थोडी साखर घालतात. बाटलीतलं यीस्ट ती खाऊन वायू तयार करतं आणि मग तळाशी बसतं. म्हणजे फेस हवा तर गाळही पत्करावा लागतो. साखर जास्त झाली तर बाटली फुटते ती वेगळीच! पिंपात वायू बाहेरच्या नळकांड्यातून येतो. गाळ तळाशी बसतो, पहिला पेला गढूळ निघतो आणि पुढचे स्वच्छ. म्हणून जाणकार भरण्यापूर्वीच पेय चांगलं गार करून निवळू देतात. बाटली असो वा पिंप, आत गेलेला गाळ भांडं बाहेर काढत नाही. तो आधीच मागे ठेवावा लागतो.

पुन्हा आपल्या फिल्टरकडे पाहिलं तर हाच नियम दिसतो. दळण, दाब आणि धीर या तीन गोष्टी जमल्या, तर बाटलीत भरलेलंही चांगलं राहील. त्या जमल्या नाहीत, तर कुंभकोणमहून आणलेला पितळी फिल्टरही काही करू शकणार नाही.

महामार्गावरच्या त्या पाट्यांचंही तसंच. पितळेचा चकचकीत पेला-दवरा मांडला की रूप कुंभकोणमचं येतं. चव यायची तर दूध निर्भेळ हवं आणि डिकॉक्शन ताजं हवं. यातलं एकही पाटीवर रंगवून मिळत नाही. धावपळीच्या दिवशी बाटली खुशाल वापरा. पण आठवड्यातून एका रात्री झोपण्यापूर्वी फिल्टर भरून ठेवा. सकाळी घरच्यांना त्या वासाने जाग येईल. आणि हो, ओतताना तो शेवटचा चमचा तेवढा भांड्यातच राहू द्या.